"हे इथे बघा" म्हणजे नेमकं कुठे?

मागच्या वर्षी माझ्या सांख्यिकीच्या ऑनलाइन कोर्सवर एका विद्यार्थिनीची मेल आली, चारच ओळींची. "मॅडम, तिसऱ्या व्हिडिओत तुम्ही म्हणता की हे बघा, हे इथून असं वर जातंय, आणि हा एक मात्र बघा कुठे जाऊन पडलाय. काय वर जातंय आणि कोण कुठे पडलंय तेवढं सांगाल का? मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडर वापरते. बाकी तुमचा आवाज स्पष्ट आहे, शिकवणं आवडतंय."

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता आणि त्या शेवटच्या वाक्याने मला जास्तच लागलं. मी तो व्हिडिओ परत लावला, कागद घेऊन बसले आणि "हे", "इथे", "असं", "त्याच्या बाजूचं" असा शब्द आला की एक रेघ मारत गेले. अकरा मिनिटांत ३७ रेघा झाल्या. म्हणजे दर अठरा सेकंदांनी एकदा मी काहीतरी असं बोलत होते जे फक्त डोळ्यांनी बघणाऱ्यालाच कळेल, आणि गंमत म्हणून नाही, नेमका धड्याचा मुद्दाच त्या "हे" मध्ये असायचा.

तोपर्यंत मला मनापासून वाटायचं की माझा कोर्स सगळ्यांसाठी आहे. कॅप्शन होती, स्लाइड्सचं पीडीएफ होतं, प्लॅटफॉर्मच्या माहितीत "ॲक्सेसिबल", म्हणजे अपंगांनाही वापरता येईल असा, असं लिहिलेलं होतं. मी ते वाचून निश्चिंत होते. पण प्लॅटफॉर्म फक्त खोली देतो, आत बोलायचं काय आणि फळ्यावर लिहायचं कसं हे माझंच काम आहे ना, ते कुठलं सॉफ्टवेअर माझ्यासाठी करणार.

तिला मी विचारलं की एकदा कॉलवर बसशील का, तू कोर्स कसा वापरतेस ते मला ऐकायचंय. ती लगेच हो म्हणाली. तिने स्क्रीन आणि आवाज दोन्ही शेअर केलं. ती एनव्हीडीए वापरते, हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर आहे, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी सुरू केला, ते स्वतः अंध आहेत. तिच्या कॉम्प्युटरचा आवाज इतक्या वेगाने बोलत होता की मला एक शब्द कळेना, तिने माझ्यासाठी वेग कमी केला आणि मग मी माझाच कोर्स पहिल्यांदा ऐकला.

आठवडा दुसराचं पान. तिने लिंक्सची यादी उघडली. "येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा." नऊ वेळा. नऊ लिंक, नऊही सारख्याच, कुठली असाइनमेंटची, कुठली डेटा फाइलची, काही पत्ता नाही. मग एक चित्र आलं, "ग्राफिक, स्क्रीनशॉट २०३४". मग व्हिडिओ प्लेअर, "बटण, बटण, बटण". तिसरं बटण प्ले आहे हे तिने पाठ करून ठेवलं होतं. मग तिने एच दाबलं, एच दाबलं की पुढच्या हेडिंगवर उडी मारता येते, आणि आवाज आला की पुढे हेडिंगच नाही. अख्ख्या पानावर एकही हेडिंग नाही. मी म्हटलं असं कसं, मी तर सहा हेडिंग दिलीयत. दिली होती, पण अक्षर मोठं आणि ठळक करून. डोळ्याला ते हेडिंग वाटतं, मशीनला तो फक्त ठळक परिच्छेद. वर्डमध्ये काय किंवा कोर्सच्या एडिटरमध्ये काय, "हेडिंग १", "हेडिंग २" अशी स्टाइल निवडली तरच ते हेडिंग होतं. त्यामुळे ती बिचारी दर वेळी असाइनमेंटपर्यंत पोचायला अख्खं पान ओळ ओळ उतरत जायची. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचे जे सर्व्हे वेबएम ही संस्था करते त्यात दहातले सातजण सांगतात की लांब पानावर काही शोधायचं तर आम्ही आधी हेडिंगवरूनच जातो. आणि मी तीच वाट बंद करून ठेवली होती.

हे सगळं दुरुस्त करायला मला किती वेळ लागला माहितीये? एक दुपार. लिंकला नाव द्यायचं, "दुसऱ्या आठवड्याची डेटा फाइल", "असाइनमेंट २ जमा करा". हेडिंगला हेडिंगची स्टाइल. चित्राला वर्णन. प्लेअरची बटणं माझ्या हातात नव्हती म्हणून दुसरा प्लेअर निवडला. एका दुपारचं काम आणि तोपर्यंत तीन बॅचेस झाल्या होत्या. त्या तीन बॅचेसमध्ये किती जण पहिल्या आठवड्यातच सोडून गेले असतील आणि मेल लिहायच्या भानगडीतही पडले नसतील हे मला कधीच कळणार नाही, आणि ते मला अजूनही टोचतं.

या विषयाचे नियम काही नवे नाहीत. वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्सची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये काढली, दुसरी २००८ मध्ये, मग २.१ आली २०१८ मध्ये आणि २.२ ऑक्टोबर २०२३ मध्ये. तरी वेबएमने २०२४ मध्ये दहा लाख वेबसाइट्सची मुखपृष्ठं तपासली तेव्हा ९५.९ टक्के पानांवर आपोआप पकडता येतील अशा चुका सापडल्या, आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक कुठली, तर फिकट अक्षरं. फिकट करड्या रंगातली अक्षरं! साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-फिकटपणातला फरक, किमान ४.५ ला १ हवा एवढाच नियम आहे आणि तो मोजायची साधनं फुकट आहेत. ही चूक कोणाकडून राहायलाच नको असं मला वाटतं.

पण ही पोस्ट मला खरं लिहायची आहे ती बोलण्याबद्दल.

बटणं, लिंक, हेडिंग हे सगळं नंतर दुरुस्त करता येतं. बोललेलं नंतर दुरुस्त करता येत नाही, परत रेकॉर्डच करावं लागतं. म्हणून सुरुवात तिथून करा असं मी आता प्रत्येकाला सांगते. माझ्या त्या तिसऱ्या व्हिडिओत स्कॅटर प्लॉट, म्हणजे ठिपक्यांचा आलेख होता, अभ्यासाचे तास आणि परीक्षेतले गुण. मी म्हणाले होते "हे बघा हे असं वर जातंय". आता म्हणते, "आडव्या अक्षावर आठवड्याचे अभ्यासाचे तास आहेत, शून्य ते १५. उभ्या अक्षावर गुण, शून्य ते १००. एकूण ४० ठिपके, एक ठिपका म्हणजे एक विद्यार्थी. डावीकडून उजवीकडे जाताना ठिपके हळूहळू वर चढतात, म्हणजे तास वाढले की साधारण गुणही वाढतात. एकच ठिपका या रांगेत बसत नाही, १२ तास अभ्यास करूनही ३५ गुण पडलेला. आपण त्याच्याबद्दल बोलणार आहोत." एवढं बोलायला वीस-पंचवीस सेकंद जास्त लागतात. बस.

यासाठी मी एक क्रम ठरवून घेतलाय. आधी अक्ष कुठले आणि किती ते किती, मग एकूण आकार कसा, मग वेगळं काय दिसतं, आणि शेवटी आपल्याला त्यातून काय घ्यायचं. आणि "हा" न म्हणता त्याचं नाव घ्यायचं, "३५ गुणांचा विद्यार्थी". कर्सर फिरवत बोलायची सवय तर मी हात टेबलाखाली ठेवून मोडली. रेकॉर्ड करताना माऊसला हातच लावायचा नाही, म्हणजे आपोआप तोंडाने सांगावं लागतं.

असं बोलायला लागल्यावर मला जे कळलं त्याची मी अपेक्षा केली नव्हती. माझ्या कोर्समधले दोन आलेख असे निघाले की त्यांचं वर्णन करायला बसले तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं. नुसते सुंदर होते. रंगीत वर्तुळ, सात तुकडे, सगळे जवळपास सारखे. ते मी काढून टाकले. आणि एक आलेख असा होता की वर्णन करताना माझ्याच लक्षात आलं की उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही आणि मी त्यावरून "प्रचंड फरक" असं म्हणून गेले होते. सांख्यिकीच्या कोर्समध्ये! तो भाग मी नव्याने केला आणि अक्ष कापल्याने फरक कसा फुगतो हाच आता त्या धड्याचा विषय आहे.

गाइडलाइन्समध्ये व्हिडिओतल्या दृश्यांसाठी वेगळं ऑडिओ वर्णन द्या असं कलम आहे, पण तिथेच असंही म्हटलंय की दृश्यातली सगळी माहिती मूळ बोलण्यातच आली असेल तर वेगळ्या वर्णनाची गरज नाही. म्हणजे शिकवणाऱ्याने नीट बोललं तर एक अख्खं काम, तेही वेळखाऊ, वाचतं. मला हे आधी कोणी का सांगितलं नाही असं झालं.

सूत्रांचा प्रश्न वेगळाच आहे. मी सूत्रं चित्र म्हणून टाकायचे, कारण छान दिसायची. चित्रातलं सूत्र स्क्रीन रीडरला दिसत नाही. मग मी चित्राला वर्णन दिलं, "एक्स अधिक वाय भागिले दोन". तिने विचारलं, मॅडम, फक्त वायला दोनने भागायचं की दोघांच्या बेरजेला? बरोबर आहे, डोळ्याला ती आडवी रेघ दिसते आणि कंस न लिहिताच कळतो, कानाला ती रेघ नसते. यासाठी मॅथएमएल नावाची पद्धत १९९८ पासून आहे, त्यात सूत्राची रचनाच लिहिलेली असते, त्यामुळे अपूर्णांक कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे स्क्रीन रीडर सांगू शकतो, आणि ऐकणाऱ्याला सूत्राच्या आत शिरून एकेक तुकडा परत ऐकता येतो. आता माझी सगळी सूत्रं तशी आहेत. आणि बोलताना मी "एक्स आणि वाय यांची बेरीज, त्या पूर्ण बेरजेला भागिले दोन" असंच म्हणते, सूत्र पडद्यावर असो नसो.

चित्रांच्या वर्णनाबद्दल एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण इथे मी दुसऱ्या टोकाला गेले होते. क्विझमध्ये प्रश्न होता, खालीलपैकी कुठलं वितरण उजवीकडे कललेलं आहे, चार चित्रं. मी उत्साहाने चारही चित्रांना वर्णन दिलं आणि बरोबर उत्तराच्या चित्राला लिहिलं "उजवीकडे कललेलं वितरण". म्हणजे जी मुलगी ऐकतेय तिला उत्तर आयतं. तिनेच कळवलं की मॅडम हे बदला, मला असे मार्क नकोत. मग लिहिलं, "डावीकडे उंच उंच खांब, उजवीकडे हळूहळू उतरत जाणारी लांब शेपूट". आता जे बघणाऱ्याने ओळखायचं तेच ऐकणाऱ्यानेही ओळखायचं. आणि जे चित्र नुसतं सजावटीचं आहे त्याचं वर्णन मुद्दाम रिकामं ठेवायचं, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून पुढे जातो, कोपऱ्यातल्या वेलबुट्टीचं वर्णन ऐकत बसावं लागत नाही.

कॅप्शनकडे येते. आपोआप तयार होणारी कॅप्शन असली की झालं असं मीही समजत होते. एका कर्णबधिर विद्यार्थ्याने मला एक स्क्रीनशॉट पाठवला, मी बोलले होते "इथे आपल्याला नल हायपोथेसिस नाकारता येत नाही" आणि कॅप्शनमध्ये आलं होतं "नळ हायपोथेसिस नाकारता येतं". (नल हायपोथेसिस म्हणजे "काही फरक नाही" असं धरून चालायचं गृहीतक.) नळ तर सोडाच, तो वाचणारा मनातल्या मनात दुरुस्त करेल, पण शेवटचा "नाही" गळला की अर्थ थेट उलटा होतो, आणि वाचणाऱ्याला संशय यायचंही कारण नाही कारण वाक्य दिसायला बरोबरच आहे. तेव्हापासून मी कॅप्शन स्वतः बसून तपासते. दहा मिनिटांच्या व्हिडिओला माझा पाऊण तास जातो. हल्ली आधी स्क्रिप्ट लिहून मग बोलते, त्यामुळे बराचसा मजकूर आधीच तयार असतो आणि वेळ निम्म्यावर आलाय. मराठीत बोलता बोलता इंग्रजी शब्द येतात तिथे आपोआप कॅप्शन जास्त घसरतात, ते खास बघावं लागतं.

त्यानेच अजून एक सांगितलं जे मला स्वतःहून कधीच सुचलं नसतं. कॅप्शन पडद्याच्या खालच्या भागात येते आणि माझ्या आलेखांचा आडवा अक्ष बरोबर त्याच्याखाली झाकला जायचा. म्हणजे वाचायचं तर आलेख नाही आणि आलेख बघायचा तर बोलणं नाही. आता प्रत्येक स्लाइडचा खालचा पाचवा भाग मी रिकामा सोडते. शिवाय बोलणं चालू असतानाच पडद्यावर नवीन मजकूर आणायचं थांबवलं, कारण कॅप्शन वाचणाऱ्याचे डोळे एकच जोडी आहेत, ते एका वेळी एकाच ठिकाणी असतात. मी आता आलेख आणते, चार सेकंद गप्प बसते, मग बोलते. ती चार सेकंदं सुरुवातीला फार अवघड जायची.

आणि कॅप्शन दिली म्हणजे सगळ्या कर्णबधिरांचं काम झालं असंही नाही. जे लहानपणापासून सांकेतिक भाषेत वाढले त्यांच्यासाठी सांकेतिक भाषा हीच पहिली भाषा, तिचं स्वतःचं व्याकरण आहे, आणि लिखित मराठी ही दुसरी भाषा. त्यांच्यासाठी खरं तर सांकेतिक भाषेतलं भाषांतर हवं, आणि दुभाष्याची चौकट कोपऱ्यात तिकिटाएवढी नाही तर हात आणि चेहऱ्यावरचे भाव नीट दिसतील एवढी हवी. माझ्या कोर्समध्ये हे अजून फक्त पहिल्या दोन आठवड्यांपुरतंच झालंय. बाकीचं राहिलंय, ते करायचंय.

या कॅप्शनवरून जगात मोठे वाद झालेत. अमेरिकेत २०१५ मध्ये कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने हार्वर्ड आणि एमआयटीवर दावा लावला होता, की तुम्ही फुकट व्याख्यानं जगाला देता पण त्यांना कॅप्शन नाहीत किंवा आहेत त्या चुकीच्या आहेत. पुढे दोन्हीकडे समझोता होऊन कॅप्शन द्यायचं ठरलं. बर्कलीच्या विद्यापीठाचं वेगळंच झालं, तिथे सरकारी न्याय विभागाने अशाच तक्रारीवरून २०१६ मध्ये पत्र पाठवलं आणि विद्यापीठाने २०१७ मध्ये २०,००० हून जास्त ऑडिओ-व्हिडिओ लोकांसाठी बंद करून टाकले. ते ऐकून खूप लोक तक्रार करणाऱ्यांवर चिडले होते, की तुमच्यामुळे सगळ्यांचं गेलं. मला हे पटत नाही. ज्यांना ते व्हिडिओ कधी मिळालेच नव्हते त्यांनी फक्त तसं बोलून दाखवलं. मला त्यातून दिसतं ते एवढंच की २०,००० साठून मग दुरुस्त करायचं म्हटलं की कोणाच्याही छातीत धडकी भरते. म्हणून पहिल्या व्हिडिओपासून करा. माझे ६४ व्हिडिओ होते आणि तेवढ्यांनीच मला वर्ष खाल्लं.

क्विझ. इथे मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला. माझ्याकडे एक ड्रॅग अँड ड्रॉप होतं, सहा संकल्पना उचलून सहा व्याख्यांवर नेऊन टाकायच्या. ज्याचा हात थरथरतो, जो फक्त कीबोर्ड वापरतो, जो तोंडाने बोलून कॉम्प्युटर चालवतो किंवा एकाच स्विचवर सगळं करतो, त्याला हे जमणं फार कठीण. गाइडलाइन्सच्या २.२ आवृत्तीत हे स्पष्टच आलंय, की ओढून करायची प्रत्येक गोष्ट न ओढताही करता आली पाहिजे, आणि दाबायच्या जागा किमान २४ बाय २४ पिक्सेलच्या हव्यात. मी आधी शोधत बसले की ड्रॅग अँड ड्रॉप ॲक्सेसिबल कसं करायचं. मग एका रात्री डोक्यात आलं की मला तपासायचंय काय? संकल्पना कळली का, हे. माऊसने ओढता येतं का, हे नाही. मग प्रत्येक व्याख्येपुढे एक साधी ड्रॉपडाउन यादी दिली आणि विषय संपला.

तसंच टायमरचं. दहा प्रश्न, १५ मिनिटं. का १५? मला आठवेचना. कुठल्या तरी टेम्प्लेटमध्ये होतं म्हणून राहिलं होतं. स्क्रीन रीडरवर चार पर्याय ऐकायचे म्हणजे एकामागून एक ऐकायचे, नजर फिरवून चारही एकदम बघता येत नाहीत. डिस्लेक्सिया असलेल्याला तोच प्रश्न दोनदा-तीनदा वाचावा लागतो. माझ्या विषयात वेगाला काही महत्त्व नाही, सावकाश विचार करणारा माणूस सांख्यिकीत उलट चांगलाच, म्हणून मी टायमर सगळ्यांसाठीच काढला. फक्त ज्यांना गरज आहे त्यांना वाढवून देता आलं असतं, मूडल या कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेका विद्यार्थ्यासाठी वेगळी वेळ ठेवायची सोय आहे, पण मग प्रत्येकाने येऊन मला स्वतःची अडचण सांगायची, सिद्ध करायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात साधारण १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे सहातला एक. त्यातले किती जण अनोळखी मॅडमला मेल करून आपलं दुखणं सांगतील? एकदा विद्यार्थ्यांना सांगायला लावलं की न सांगणारे आपोआप बाहेर राहतात. नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये आता मी एकच उघडा प्रश्न ठेवलाय, "शिकताना तुम्हाला कशाने अडतं आणि कशाने सोपं जातं?" सर्टिफिकेट मागत नाही. या प्रश्नाला इतकी उत्तरं येतात की मला आश्चर्य वाटतं, आणि अर्ध्याहून जास्त जण कुठलंही अपंगत्वाचं नाव घेत नाहीत, फक्त लिहितात की संध्याकाळनंतर डोकं दुखतं, मोठा मजकूर दिसला की घाबरायला होतं, पार्श्वसंगीत असलं की शब्द कळत नाहीत.

पार्श्वसंगीत मी सगळीकडून काढलं.

कॅमेऱ्यातून नजर ठेवणाऱ्या परीक्षांबद्दल माझं मत पक्कं आहे, माझ्या कोर्समध्ये त्या नाहीत आणि असणार नाहीत. मान फिरली, नजर पडद्यावरून हटली, ओठ हलले की संशय. ज्याचे डोळे आपोआप हलत राहतात, ज्याला टिक्स, म्हणजे आपोआप होणाऱ्या हालचाली, आहेत, जो प्रश्न मोठ्याने वाचल्याशिवाय समजू शकत नाही, त्याने काय करायचं? आधी तो कॉपी करत नाही हे सिद्ध करायचं आणि मग परीक्षा द्यायची. त्यापेक्षा मी प्रत्येकाला वेगळा डेटा देते आणि निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत मागते, लिहून द्या, बोलून रेकॉर्ड करून द्या, सांकेतिक भाषेत व्हिडिओ करून द्या, चालेल. तपासायला वेळ जास्त लागतो हे खरं आहे.

मराठीत कोर्स करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या लिहिते कारण या कुठल्या इंग्रजी मार्गदर्शिकेत ठळकपणे सापडत नाहीत. माझ्या जुन्या नोट्स युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. छापल्या की सुरेख मराठी. पण त्या फाइलच्या पोटात मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फक्त फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेश चढवतो. स्क्रीन रीडरला वेश दिसत नाही, तो पोटातलं वाचतो, त्यामुळे ऐकू येतो तो निव्वळ कचरा. स्क्रीन रीडरवाल्या विद्यार्थिनीने मला ते ऐकवलं, दोन मिनिटं ऐकलं आणि मी म्हटलं पुरे. शंभरेक पानं युनिकोडमध्ये आणली, कन्व्हर्टरने बरंच झालं पण जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागले. स्कॅन करून टाकलेल्या पानांचं तर त्याहून वाईट, तिथे पोटात अक्षरंच नसतात, नुसता फोटो.

दुसरी गोष्ट, पानाची भाषा. वेबपेजच्या कोडमध्ये हे पान कुठल्या भाषेत आहे ते सांगायची जागा असते, मराठीसाठी "एमआर". बहुतेक तयार टेम्प्लेटमध्ये ते इंग्रजीच राहून जातं, मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जातो, अडखळतो, किंवा सरळ गाळून टाकतो. दोन अक्षरं बदलायची असतात. प्लॅटफॉर्मवाल्यांना मेल करून ते बदलून घ्यायला मला सात आठवडे लागले, पण झालं.

तपासायचं कसं असं बरेच जण विचारतात. आपोआप तपासणारी साधनं आहेत, जरूर वापरा, पण त्यांच्यावर थांबू नका. चित्राला वर्णन आहे की नाही हे साधन सांगेल, ते वर्णन बरोबर आहे का हे नाही सांगणार, माझ्या "स्क्रीनशॉट २०३४" ला एका साधनाने हिरवी खूण दिली होती. मी आता प्रत्येक नवीन आठवडा टाकायच्या आधी माऊस काढून ठेवते आणि फक्त टॅब, शिफ्ट टॅब, एंटर आणि बाणांवर अख्खं पान पार करते. फोकस, म्हणजे आत्ता आपण कुठल्या बटणावर किंवा लिंकवर आहोत, ते दिसतंय का, कुठे अडकून तर पडत नाही ना. मग पान ४०० टक्के मोठं करून बघते, अल्पदृष्टी असलेले तसंच वाचतात, मजकूर खाली वळला पाहिजे, आडवं सरकावं लागता कामा नये. पीडीएफ इथे हमखास मार खातं, म्हणून नोट्स आता मी साध्या वेबपेजवर आणि ईपब या ई-बुकच्या फाइलमध्येही देते. मग एनव्हीडीए लावून ऐकते. मी काही रोज वापरणारी नाही, त्यामुळे माझं ऐकणं म्हणजे फक्त ढोबळ चाळणी. खरी तपासणी ती आणि तो कॅप्शनवाला विद्यार्थी करतात, आणि त्याचं मी दोघांना मानधन देते. हे मला महत्त्वाचं वाटतं, आपल्या कोर्समधल्या चुका शोधून देणं हे त्यांचं कौशल्याचं काम आहे, तासन्‌तास जातात, ते फुकट मागायचं नसतं.

आणि काय राहिलं, हं, रचना. प्रत्येक आठवड्याचं पान आता अगदी एकाच क्रमाने असतं, आधी या आठवड्यात काय, मग व्हिडिओ, मग नोट्स, मग सराव, मग असाइनमेंट. मला स्वतःला ते थोडं कंटाळवाणं वाटायचं, दर आठवड्याला काहीतरी नवीन करावंसं वाटायचं. पण एका विद्यार्थ्याने लिहिलं की मला एकाग्रतेचा त्रास आहे, पहिल्यांदाच एखाद्या कोर्समध्ये पान उघडल्यावर "आता कुठे बघू" असं झालं नाही. मग मी नवीन काही करायचा हट्ट सोडला. व्हिडिओ सहा-सात मिनिटांवर आणले, ते मात्र सगळ्यांनाच आवडलंय.

मागच्या महिन्यात त्या पहिल्या विद्यार्थिनीची परत मेल आली. मी मेल उघडतानाच धसका घेतला, आता काय राहिलं असेल, कुठलं बटण, कुठलं चित्र. तसं काहीच नव्हतं. तिने विचारलं होतं, "मॅडम, नमुन्याचं प्रमाण विचलन काढताना आपण एन ने न भागता एन वजा १ ने का भागतो? व्हिडिओत तुम्ही 'असा नियम आहे' म्हणून पुढे गेलात, ते मला पटलं नाही."

तिला उत्तर लिहायला मला दीड तास लागला. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत त्याचं माप, आणि एन म्हणजे नमुन्यातल्या आकड्यांची संख्या. नमुन्याची सरासरी त्याच नमुन्यातून काढलेली असते, त्यामुळे आकडे तिच्या जवळ असणारच, खऱ्या सरासरीपासून ते जेवढे लांब असतात त्यापेक्षा जवळ, म्हणून विचलन साधारणपणे थोडं कमी भरतं आणि ते भरून काढायला एकने कमी असलेल्या संख्येने भागायचं. मी तीन आकड्यांचं उदाहरण घेऊन, एकही आलेख न वापरता, सगळं शब्दांत लिहिलं. पुढच्या बॅचला तो व्हिडिओ मी नव्याने रेकॉर्ड करणार आहे.